नसेपासून पाच मिलिमीटर

मटणाच्या दुकानात मी पहिल्यांदा पाऊल टाकलं ते वयाच्या अडतिसाव्या वर्षी. आमच्या घरात अंडंसुद्धा कधी आलेलं नाही. भवानी पेठेतून कॉलेजला जाताना त्या दुकानासमोरून माझी स्कूटी रोज जायची आणि रोज मी मान दुसरीकडे वळवायची. त्या दिवशी मात्र गाडी स्टँडवर लावली, ओढणी नाकावर घेतली आणि एका दमात म्हणाले, "बकऱ्याच्या मागच्या पायाची हाडं हवीत. आख्खी. तोडायची नाहीत."

गल्ल्यावरच्या चाचांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "सूप के वास्ते होना क्या, बाई?"

"नाही. कॉलेजात प्रयोग करायचाय."

"कौनसा कॉलेज? डागदरी का?"

"इंजिनिअरिंगचं."

चाचांनी हातातला सुरा खाली ठेवला. "इंजिनिअर लोगां हड्डी का क्या करते?"

"तापवतात," मी म्हणाले. खरं तेच होतं. दुसरं काही सुचलंही नाही.

त्यांनी चार नळ्या कागदात गुंडाळून दिल्या. पिशवी मी दोन बोटांनी धरून डिकीत टाकली. पण परत फिरायचं नाही हे मी घरातून निघतानाच ठरवलं होतं.

मी मेकॅनिकलच्या मुलांना उष्णता शिकवते. बॉयलर, पाइप, रेडिएटर. ऊब कुठून निघते, कुठे जाते, किती वेळात जाते. पीएचडीसाठी विषय निवडायची वेळ आली तेव्हा सगळ्यांना वाटलं, मी साखर कारखान्याच्या बॉयलरवर काहीतरी करीन. जिल्ह्यात कारखान्यांना तोटा नाही. मी निवडलं माणसाचं हाड.

त्याचं कारण माझ्या डाव्या पायात आहे. हाडात कधी कधी एक छोटी गाठ होते, ज्वारीच्या दाण्याएवढी, फार तर शेंगदाण्याएवढी. कॅन्सर नव्हे. ती पसरत नाही, जिवावर उठत नाही. पण ठणकते, आणि रात्री जास्त ठणकते. साधी वेदनाशामक गोळी घेतली की थांबते आणि गोळीचा असर उतरला की पुन्हा सुरू होते. एक्स-रेमध्ये ती बरेचदा दिसतच नाही. मी सोळा वर्षांची असताना माझ्या नडगीत तशी गाठ झाली होती. दोन वर्षं कुणालाच पत्ता लागला नाही. दिवसा मी बरी दिसायची आणि परीक्षा जवळ आली की रडायची, असा घरच्यांचा हिशेब. शाळेतल्या बाईंनी अव्वाला बोलावून सांगितलं, "मुलगी हुशार आहे, पण नाटकी आहे." अव्वा म्हणजे माझी आई. आमचं गाव अक्कलकोटच्या पलीकडे, तिकडे आईला अव्वाच म्हणतात. शेवटी एका डॉक्टरांनी सीटी स्कॅन करायला लावला आणि तो दाणा दिसला. ऑपरेशन झालं. हाडाचा वीतभर भाग उघडून त्यातला तुकडा खरवडून काढला. तीन महिने पाय प्लास्टरमध्ये होता आणि बारावीचं वर्ष गेलं ते गेलंच.

आता त्यासाठी पाय उघडावा लागत नाही. सीटी स्कॅनमध्ये बघत बघत एक सुई थेट गाठीत नेतात, सुईच्या टोकातून वीज सोडतात, टोक नव्वद अंशांपर्यंत तापतं आणि पाच-सहा मिनिटांत गाठ जळून जाते. पेशंट दुसऱ्या दिवशी चालत घरी जातो. मी पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा खुर्चीत बसल्या जागी पाय चोळत बसले होते. मग शिक्षिकेच्या डोक्यात यावा तो प्रश्न आला: गाठ जळते हे ठीक, पण ऊब तिथेच थांबते का? गाठीशेजारी नस, म्हणजे मज्जातंतू, असली तर? ऊब किती लांब जाईल हे सुई टोचण्याआधी कॉम्प्युटरवर काढता येईल का?

काढता येतं, निदान कागदावर. पेशंटच्या स्कॅनवरून हाडाची हुबेहूब आकृती कॉम्प्युटरवर उभी करायची. तिचे लाखभर बारीक तुकडे पाडायचे. प्रत्येक तुकड्याला सांगायचं, तू कडक हाड आहेस, तू मगज आहेस, तू स्नायू, तुझ्यातून रक्त वाहतं आणि ते ऊब घेऊन जातं. मग आभासी सुई टोचायची आणि यंत्राला गणित करायला सोडून द्यायचं. काही तासांनी पडद्यावर रंग उमटतात. मध्ये लाल, मग पिवळा, कडेला निळा.

माझे रंग फार सुंदर यायचे. तीच अडचण होती. संशोधन समितीपुढे मी ते दाखवले तेव्हा एका वयस्क प्राध्यापकांनी चष्मा काढून विचारलं, "बाई, हे खरं आहे कशावरून?"

खरं हाड तापवून मोजल्याशिवाय ते सांगता येणार नव्हतं. म्हणून मटणाचं दुकान.

सुई आणि ते यंत्र माझ्याकडे कुठून असणार? शहरातल्या एका रुग्णालयात हे काम करणारे एक डॉक्टर होते. सुयांचं काम स्कॅन बघून करणारे, पन्नाशीचे, कमी बोलणारे. त्यांना भेटायला मी तीन वेळा गेले. दोनदा ते कामात होते. तिसऱ्यांदा मी बाकावरच बसून राहिले, मुलांच्या वह्या तपासत. संध्याकाळी ते बाहेर आले तेव्हा मी तिथेच होते.

"तुम्ही अजून इथेच?"

"तुमचं यंत्र मला रविवारी दोन तास हवंय, सर. आणि एखादी वापरून झालेली सुई."

"कशासाठी?"

मी लॅपटॉप उघडून दाखवलं. त्यांनी उभ्या उभ्याच पाहिलं. मग खाली बसून पाहिलं. "माझ्या डोक्यात पण असंच एक चित्र असतं," ते म्हणाले, "फक्त त्यात आकडे नसतात. या रविवारी."

तर रविवारी सकाळी मी प्लास्टिकचा टब, पाणी शरीराइतकं कोमट ठेवणारा हीटर, मीठ, ड्रिल, तापमान मोजायच्या केसासारख्या तारा आणि चार नळ्या घेऊन रुग्णालयाच्या मागच्या खोलीत हजर. अव्वाला मी हाडांचं सांगितलं नव्हतं, पण डबा भरताना तिनं पिशवीत डोकावलं. "अय्यो, शिव शिव!" म्हणून ती दोन पावलं मागे सरली.  मी निघाले तेव्हा एवढंच म्हणाली, "डबा त्या पिशवीत ठेवू नको. वेगळा ने."

हाड टबात ठेवलं, भोक पाडलं, सुई घातली, बाजूला पाच आणि दहा मिलिमीटरवर तारा बसवल्या. डॉक्टरांनी यंत्र सुरू केलं. सहा मिनिटं आम्ही दोघं आकड्यांकडे पाहत होतो. माझ्या गणिताप्रमाणे पाच मिलिमीटरवर तापमान बावन्न अंश यायला हवं होतं. ते बावन्नला थांबलंच नाही. एकसष्टवर जाऊन थांबलं.

"नऊ अंशांचा फरक," डॉक्टर म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता, पण मला ते अजून आठवतं. "तिथे नस असती तर गेली असती."

पुढच्या दोन रविवारी काही हाडांत आकडे जुळले, काहींत नाही. का, ते कळेना. मी माझ्या गाईडना फोन केला. ते दुसऱ्या शहरातल्या विद्यापीठात असतात, भले गृहस्थ आहेत, त्यांच्याकडे बरेच विद्यार्थी. त्यांनी सहज सांगितलं, "अहो, हाडाची उष्णतावाहकता पुस्तकात एवढ्यापासून एवढ्यापर्यंत दिलेली असते. तुम्ही जरा वरची धरा, आलेख जुळेल. सगळे तेच करतात."

मी ते करून पाहिलं. हे कबूल करायला हवं. एक आकडा बदलला आणि बावन्नच्या जागी एकसष्ट आले. आलेख असा बसला की बघत राहावं. त्या आलेखाकडे पाहताना मला टबाशेजारी उभे असलेले डॉक्टर आठवले, नस असती तर गेली असती म्हणणारे. उद्या ते माझ्या चित्रावर विसंबून सुई ठेवणार. तेव्हा कुणाच्या पायातली वाहकता मी वर धरणार होते? मी तो आकडा पुन्हा होता तिथे नेला आणि गाईडना कळवलं, "सर, मला अजून सहा महिने लागतील." त्यांनी लिहिलं, "जशी तुमची मर्जी." सहाचे अकरा झाले.

फरक कुठे आहे ते शेवटी करवतीनं सांगितलं. जुळत नसलेली सगळी हाडं मी वर्कशॉपमध्ये नेली आणि पट्टा-करवतीवर आडवी कापली. कापलेले काप टेबलावर एका ओळीत मांडले, मोजपट्टी लावली आणि दहा मिनिटांत कळलं. हाडाची भिंत सगळीकडे सारखी नसते. जिथे आकडे चुकले होते, तिथे तारेच्या बाजूची भिंत दुसऱ्या बाजूच्या निम्मीच होती. कडक हाड ऊब अडवून धरतं. ते पातळ असेल तिथून ती बाहेर पडते. या हाडांचे डॉक्टरांकडे काढलेले स्कॅन जाड कापांचे, म्हणजे जाड थरांचे, होते, त्यांत ती पातळ जागा दिसतच नव्हती, आणि कॉम्प्युटरनं बिचाऱ्यानं भिंत सगळीकडे सारखी धरली होती. चूक गणिताची नव्हती. मी त्याला नीट पाहायला शिकवलं नव्हतं.

मी नव्यानं सुरुवात केली. बारीक कापांचा स्कॅन, प्रत्येक हाडाची स्वतःची भिंत. दुकानातले चाचा आता मी दिसले की आपणहून नळ्या बाजूला काढायचे. आकडे दोन-तीन अंशांच्या आत येऊ लागले. एक हाड मात्र शेवटपर्यंत जुळलं नाही. ते का जुळलं नाही ते मला आजही माहीत नाही.

हे सगळं होत असताना एका दुपारी डॉक्टरांचा फोन आला. मी वर्गात होते, बाहेर येऊन घेतला.

"मॅडम, एक मुलगी आली आहे. वीस वर्षांची. गुडघ्याखाली बाहेरच्या बाजूला जे बारीक हाड असतं ना, त्याच्या अगदी वरच्या टोकाला गाठ आहे. तीच आपली."

मला पुढचं सांगायची गरज नव्हती. त्या जागी हाडाला वळसा घालून एक नस जाते. पाऊल वर उचलायचं काम ती करते. ती भाजली तर पाऊल लोंबकळतं, माणूस पाय फरफटत चालतो.

"नस किती लांब आहे?"

"गाठीच्या कडेपासून पाच मिलिमीटर. पुण्याला पाठवतो म्हटलं, तर तिचा बाप म्हणतो, दोन वर्षं फिरतोय, आता फिरायची ताकद संपली. मला स्वतःलाही करता येईल असं वाटतं. पण तुमचं चित्र बघून मग ठरवेन."

"सर, माझं काम अजून प्रबंधातलं आहे. पेशंटवर कधी..."

"निर्णय माझाच असेल," ते म्हणाले. "रुग्णालयाच्या समितीकडून परवानगी घेऊ, तिला आणि वडिलांना सगळं सांगू. तुम्ही फक्त खरं सांगा. खात्री नसेल तिथे खात्री नाही म्हणा."

दुसऱ्या दिवशी मी रुग्णालयात गेले. मुलगी सांगोल्याकडची, मेंढपाळांच्या घरातली. काटक, उन्हानं रापलेली, केसांची घट्ट वेणी. पोलीस भरतीची तयारी करत होती. मैदानात सगळ्यांच्या पुढे पळणारी पोर दोन वर्षांपासून पळता पळता थांबायला लागली होती. स्नायू दुखावला असेल, वाताचं असेल, भरतीची भीती बसली असेल, असं तिला वेगवेगळ्यांनी सांगितलं होतं.

"गोळी घेतली की थांबतं?" मी विचारलं.

"व्हय. पण गोळी उतरली की परत."

"दिवसापेक्षा रात्री जास्त?"

तिनं माझ्याकडे चमकून पाहिलं. "तुमास्नी कसं म्हाईत?"

मी सलवार थोडी वर केली आणि नडगीवरचा व्रण दाखवला.  वाकून तिनं त्यावर बोट फिरवलं, मग एकदम तोंड फिरवून खिडकीकडे पाहत राहिली. तिचे वडील फेटा सावरत म्हणाले, "लई सोसलं हो पोरीनं. आमालाच समजंना."

त्यांची एसटी संध्याकाळची होती, म्हणून मी त्यांना घरी जेवायला आणलं. कॉम्प्युटरवर नेमकं काय करतात ते बापाला समजून घ्यायचं होतं, आणि ते रुग्णालयाच्या बाकावर सांगण्यासारखं नव्हतं. अव्वानं भाकरी, वांग्याची भाजी आणि शेंगाचटणी वाढली. जेवताना मी ताटात भाकरीच्या तुकड्यांचं हाड मांडलं, चटणीची गाठ केली, कांद्याची एक पात नस म्हणून ठेवली आणि चटणीवर बोट टेकवलं.

"ही सुई. हितनं ऊब निघणार. ती ह्या पातीपर्यंत जाऊ द्यायची नाही."

"आन् गेली तर?" बाप म्हणाला.

"तर पाऊल उचलता येणार नाही. भरती तर सोडाच, नीट चालताही येणार नाही कदाचित."

त्यांचा घास हातातच राहिला. मी गोड बोलून ते झाकायचं नाही असं ठरवलं होतं. मुलगी मात्र शांत होती. "म्याडम, ह्यो इलाज न्हाय केला तर?"

"गोळ्या घेत राहायचं. काही वर्षांनी आपोआप थांबतंही कधी कधी. नाहीतर मोठं ऑपरेशन. त्यातही नस तिथेच असणार."

"काही वर्सांत माजं वय निघून जाईल की," ती म्हणाली. "तुमी बगा तुमच्या मशीनीत. जमत असंल तर मी करनार."

तेवढ्यात अव्वा भाकरी घेऊन आली. ती इतका वेळ स्वयंपाकघराच्या दारातून ऐकत होती. भाकरी वाढता वाढता तिनं त्या बापाला म्हटलं, "तुम्ही पोरीवर विश्वास ठेवून दोन वर्षं फिरलात. मी माझ्या पोरीला नाटकी म्हटलं होतं. दोन वर्षं." आणि आत निघून गेली. इतक्या वर्षांत ती या विषयावर माझ्याशी एक शब्द बोलली नव्हती. मी तिच्या मागे आत गेले. ती तव्याकडे तोंड करून उभी होती. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "जा, पाहुण्यांना ताक वाढ," ती म्हणाली. मी ताक वाढलं.

आधीच्या स्कॅनचे काप जाड होते. मी डॉक्टरांना बारीक कापांचा स्कॅन करायला लावला. तो आला आणि मला ज्याची भीती होती तेच दिसलं. नसेच्या बाजूला गाठीनं हाडाची भिंत पोखरून कागदासारखी केली होती. नेहमीची सुई नेहमीसारखी ठेवून मी गणित चालवलं. नसेच्या जागी एक्कावन्न अंश आले. पंचेचाळीसच्या वर नसेला धोका सुरू होतो.

पुढचे आठ दिवस मी कॉलेजातून सुटले की तेच करत होते. सुई समोरून, सुई मागून, लांब टोक, आखूड टोक. आखूड टोकाची सुई नसेच्या उलट बाजूनं आत नेऊन दोनदा, थोड्या थोड्या अंतरावर तापवली, तर गाठ पूर्ण जळत होती आणि नसेपाशी शेहेचाळीस येत होते. अजून एक-दोन अंश कमी व्हायला हवे होते. डॉक्टर म्हणाले, "हाड आणि नस यांच्या मध्ये आपण पाणी सोडू. नस जरा लांब ढकलली जाईल."

"सलाइन?"

"तुम्हीच सांगा. तुमचा विषय."

मी दोन्ही चालवून पाहिलं. मिठाचं पाणी वीज वाहून नेतं, ते उलट ऊब नसेपाशी पोचवत होतं. ग्लुकोजचं पाणी तसं करत नव्हतं. डॉक्टरांनी मान हलवली. त्यांना ते आधीच माहीत होतं, माझं यंत्र काय म्हणतं ते त्यांना पाहायचं होतं. ग्लुकोजच्या पाण्यासकट नसेपाशी आकडा आला बेचाळीस.

"किती खात्री?" त्यांनी विचारलं.

"तीन अंश इकडे-तिकडे. बकऱ्याच्या हाडात एवढा फरक आला होता. आणि एका हाडात त्याहून जास्त, त्याचं कारण सापडलेलं नाही."

त्यांनी पडद्यावर नसेच्या जागी बोट ठेवलं. "मग आपण नसेशेजारी तापमानाची तार ठेवू," ते म्हणाले. "त्रेचाळीस झालं की मी बंद करणार. गाठ अर्धी राहिली तरी चालेल, पुन्हा करता येईल."

मुलीच्या वडिलांना हे सांगितलं तेव्हा ते एकाच गोष्टीवर अडकले. "साखरंचं पानी?"

"साखरेसारखंच."

"बरं हाय. कारखान्याच्या जिल्ह्यात तेवडं तरी चालायचं." त्या सगळ्या दिवसांत ते तेवढंच एकदा हसले.

ज्या दिवशी ते करायचं होतं त्या सकाळी मी रजा टाकली. मला थांबायची परवानगी होती, काचेच्या पलीकडे, स्कॅनच्या खोलीबाहेर. मुलीला कमरेत भूल दिली होती, ती जागी होती. डॉक्टरांनी हाडात ड्रिल केलं, स्कॅन केला, सुई अर्धा मिलिमीटर मागे घेतली, पुन्हा स्कॅन केला. ते इतकं हळू चाललं होतं की मला ओरडावंसं वाटत होतं आणि ते तितकंच हळू चालावं असंही वाटत होतं. मग त्यांनी काचेतून माझ्याकडे पाहिलं आणि यंत्र सुरू केलं.

माझ्या समोर एकच आकडा होता, नसेजवळच्या तारेचा. सदतीस. अडतीस. एकोणचाळीस. तिसऱ्या मिनिटाला चाळीस. माझ्या हातात पेन होतं, मी दर पंधरा सेकंदांनी आकडा लिहीत होते, कारण लिहिलं नसतं तर मी तिथे उभी राहू शकले नसते. एक्केचाळीस. एक्केचाळीस. पाचव्या मिनिटाला एक्केचाळीस पूर्णांक सहा. सहा मिनिटं संपली, यंत्र थांबलं. डॉक्टरांनी सुई सरकवली आणि पुन्हा सहा मिनिटं. या वेळी सर्वांत वरचा आकडा होता बेचाळीस पूर्णांक एक. तो लिहून मी पेन बंद केलं आणि स्टुलावर बसले.

पण खरी परीक्षा पुढे होती. भूल उतरेपर्यंत पाऊल हलणारच नव्हतं, ते भुलीमुळे हलत नाही की नसेमुळे, हे सांगायला कुणीच नव्हतं. वॉर्डात बाप पलंगाशेजारी जमिनीवर बसला होता. मी खिडकीशी. मुलगी म्हणाली, "म्याडम, पाय हाय का न्हाय तेच कळंना." अकरा वाजले, बारा वाजले. जेवण आलं, कुणी जेवलं नाही. एक वाजता तिला मांडी कळायला लागली. दीड वाजता गुडघा. डॉक्टर दोनदा येऊन गेले. सव्वादोनला तिसऱ्यांदा आले, चादर बाजूला केली आणि म्हणाले, "अंगठा वर कर."

काहीच झालं नाही. तिनं दात आवळले होते, कपाळावरची शीर दिसत होती.

"घाई नाही. पुन्हा."

अंगठा हलला. आधी थोडासा, जणू दुसऱ्या कुणाचा असावा तसा. मग वर आला. मग सगळं पाऊल तिनं वर खेचलं आणि तसंच धरून ठेवलं, सोडायलाच तयार नाही. "सोड आता," डॉक्टर म्हणाले, "गोळा येईल." बापानं फेट्याचं टोक डोळ्यांना लावलं. डॉक्टर माझ्याकडे वळले. त्यांनी माझं अभिनंदन वगैरे काही केलं नाही. "तुमच्या कागदावरचे आकडे मला पाठवा," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वॉर्डात गेले तेव्हा ती झोपलेली होती. साडेनऊ वाजले होते, बाजूला भांड्यांचा आवाज, नर्सची ये-जा, आणि ती गाढ झोपलेली. वडील दबक्या आवाजात म्हणाले, "गोळी न्हाय मागितली. एकदाबी न्हाय. उटवू का?"

"नको, झोपू द्या."

त्या वर्षीची भरती तिला जमली नाही. दीड-दोन महिने उड्या आणि पळणं बंद होतं आणि तारीख मध्येच येऊन गेली. मी तिला फोन केला तेव्हा तीच म्हणाली, "जाऊ द्या की, म्याडम. पुढच्या येळंला." पुढच्या वेळेला तिनं मैदान मारलं. पळण्यात तिच्या गटात तिसरी आली, लेखी परीक्षेत थोडक्यात राहिली. आता ती मोहोळला मामाकडे राहून अभ्यासिकेत जाते. गणित तिला जड जातं. रविवारी व्हिडिओ कॉलवर मी तिला शेकडेवारी आणि काळ-काम-वेग शिकवते. ती चुकली की वहीवर पेन आपटते आणि तेच उदाहरण पुन्हा पहिल्यापासून सोडवते.

माझी पीएचडीची अंतिम मुलाखत गेल्या वर्षी झाली. प्रबंधात मी ते न जुळलेलं हाडही घातलं होतं, त्याचा आलेख, त्याचा फोटो, आणि खाली एक ओळ: कारण समजलेलं नाही. गाईडनी ते काढून टाकायला सुचवलं होतं. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी नेमकं तेच पान उघडलं.

"हे का ठेवलंत?"

"कारण ते घडलंय, सर."

त्यांनी त्यावर पाऊण तास प्रश्न विचारले. काहींची उत्तरं मला आली, काहींची नाही. पदवी मिळाली. अव्वानं शेजारीपाजारी पेढे वाटले आणि सगळ्यांना सांगितलं की मुलीनं हाडांवर काहीतरी केलंय. कुठल्या हाडांवर, ते मात्र तिनं सांगितलं नाही.

गेल्या सोमवारी डॉक्टरांनी नवा स्कॅन पाठवला आहे. एक शिक्षक आहेत, गाठ पाठीच्या मणक्यात, आणि तिथे नस नव्हे, आख्खा मज्जारज्जू चार मिलिमीटरवर. मी त्याच दिवशी डॉक्टरांना लिहिलं की मणक्यावर मी कधी काम केलेलं नाही, आणि आकडे खरे म्हणण्याआधी मला हाडांवर मोजून पाहावं लागेल. त्यांचं उत्तर आलं, "पेशंट थांबायला तयार आहे. तुम्हाला किती रविवार लागतील?"

मी कॅलेंडर काढून मोजलं आणि त्यांना बारा कळवले.